तिसरी मूठ : लोहारा ते शिरोडा, चार दिवस

आमच्या वसतिगृहाचं पाणी संपलं म्हणून मी समुद्रावर गेले. वाक्य विचित्र वाटेल, पण झालं तसंच. फेब्रुवारी संपता संपता बोअरनं हात टेकले. टँकर गुरुवारशिवाय येणार नाही असं कळलं आणि आम्ही शनिवारी सकाळी सगळ्या पोरींना घरी पाठवून मेसला कुलूप लावलं. मी लोहाऱ्यात मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. चौसष्ट पोरी, एक पहारेकरी आणि महादेवी मावशी, एवढा आमचा संसार. मला सुट्टी मिळते तेव्हा एकतर पाणी संपलेलं असतं नाहीतर वीज.

महादेवी मावशी आमच्या मेसमध्ये बावीस वर्षं स्वयंपाक करतात. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं चिडल्या की कानडीत बोलतात आणि जास्त चिडल्या की बोलतच नाहीत. गळ्यात लिंग. देवाला दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून आमटी कधी चाखून बघत नाहीत. सगळं मुठीच्या मापानं. मेसचं जेवतही नाहीत, "त्ये पोरींच्या वाट्याचं हाय" म्हणतात. रात्री घरी जायचं, पूजा करायची, मग घरची भाकरी. बावीस वर्षांत त्यांनी आपल्या मेसच्या आमटीचा थेंब जिभेला लावलेला नाही.

आता खरी गोष्ट. त्या आठवड्यात माझ्या पिशवीत एक अर्ज होता. 'आमटी फार खारट असते. पाणी पिऊन पोट भरते. कृपया लक्ष द्यावे.' खाली एकतीस सह्या. अर्जाची प्रत थेट संस्थेच्या सचिवांकडं गेली होती आणि त्यांचा फोनही येऊन गेला होता. "मावशींचं वय झालं, हात गेला त्यांचा. गुरुवारी मेस उघडेल तेव्हा दुसरी बाई बघा. आणि मावशींना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात त्या."

माझं कुणीच ऐकत नाही, पण ते फोनवर कसं सांगणार.

तर मी ठरवलं की मावशींना सोबत न्यायचं आणि वाटेत सांगायचं. माणसाची नोकरी काढून घ्यायची तर आधी समुद्र तरी दाखवावा, असा काहीतरी विचार होता. आता लिहिताना तो फार थोर वाटत नाहीये.

"म्या कशाला? समुद्रात माजं काय काम?" मावशी म्हणाल्या.

"काम नाही, मावशी. सुट्टी आहे."

"सुट्टीत काय करत्यात?"

पण पिशवी मावशींनी दहा मिनिटांत भरली. दोन लुगडी, भाकरी, शेंगाचटणी आणि पूजेची डबी.

शनिवार. लोहाऱ्याहून हायवेच्या फाट्यापर्यंत जीप, तिथून सोलापूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळं हा सगळा प्रवास आम्हा दोघींना एका माणसाच्या पैशात पडला, हे तुम्ही बायका असाल तर लक्षात ठेवा. सोलापुरात कोल्हापूरची गाडी लगेच मिळाली. सांगोला, मिरज करत पाच-सहा तास. मी मनाशी ठरवलं होतं, सोलापूर सुटलं की सांगायचं. सोलापूर सुटलं तेव्हा मावशींनी भाकरी सोडली. खाणाऱ्या माणसाला काय सांगणार? मग सांगोल्याला सांगू म्हटलं, तर त्या झोपल्या होत्या. मिरजेला जाग्या होत्या, पण तोपर्यंत मला झोप लागली.

रात्री कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. जेवणाबद्दल मी काही सांगू शकत नाही. मला सहा वर्षांपासून बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलंय. मेसमध्येही मीठ घालायच्या आधी मावशी माझी वाटीभर आमटी बाजूला काढून ठेवतात. म्हणजे बघा, आमटी खारट आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, मावशींना ठाऊक नव्हतं, आणि निर्णय मात्र त्या आमटीवरूनच झाला होता.

रविवार. सकाळची सावंतवाडी गाडी धरा, आंबोली घाट उन्हाच्या आत उतरतो. लिंबू जवळ ठेवा. मी ठेवलं नव्हतं, मावशींनी ठेवलं होतं. घाटात त्यांनी ते मला हुंगायला दिलं आणि स्वतः खिडकीला नाक लावून बसल्या.

"येवडी झाडं कुणी लावली?"

"आपोआप आलीत."

"आमच्याकडं लावून बी येत न्हाईत," असं म्हणून त्यांनी घाट संपेपर्यंत त्या झाडांशी अबोला धरला.

सावंतवाडीहून शिरोड्याला तासाभराची एसटी. आम्ही उतरलो ते एका काकींच्या घरी. माडांच्या सावलीत चार खोल्या, माणशी सातशे, दोन वेळचं जेवण त्यातच. शाकाहारी लोकांनी एक गोष्ट आधी सांगावी. मी फोनवर सांगितली होती, तरी अंगणात सुकत घातलेले बांगडे बघून मावशी फाटकाशीच थांबल्या. पदर नाकाला लावून त्यांनी अंगण असं पार केलं की बांगड्यांनाही वाईट वाटलं असेल.

संध्याकाळी सुरूच्या बनातून समुद्रावर गेलो. मी कॉलेजात असताना एकदा गणपतीपुळ्याला गेले होते, त्यानंतर हा दुसरा समुद्र. वाळू मऊ, गर्दी नाही, किनारा लांबच्या लांब मोकळा. मला एकदम भरून आलं. मावशी दोन पावलं पाण्यात गेल्या, लुगडं वर खोचलं, वाकून बघितलं.

"मॅडम, ह्यात डाळ शिजती का?"

"खारं पाणी आहे, मावशी."

"मंग कशाला ठिवलंय येवडं?"

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजता शिजत नाही. त्यामुळं मावशी कुठलंही पाणी बघितलं की हाच प्रश्न विचारतात. आम्ही वाळूत बसलो. सूर्य बुडायला वीस मिनिटं होती. सांगायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. मी पिशवीत हात घातला, अर्ज बोटांना लागला.

"मावशी."

"व्हय."

"तुम्हाला कधी वाटतं का, आता बास झालं, आराम करावा?"

"वाटतं की. आयतवारी दुपारी. मंग सांजच्याला पोरी येत्यात, 'मावशी, काय हाय' म्हणत्यात, आन इसरून जातं." मग पदराखालून चटणीची पुडी काढून माझ्यासमोर धरली. "बिनमिठाची हाय. तुमच्यासाटी येगळी कुटली."

मी अर्ज सोडला आणि चटणी घेतली. भ्याड माणसाला भूक चांगली लागते.

सोमवार. सोमवारी काकींच्या घरात मासे शिजत नाहीत. मावशींचाही सोमवार मोठा. त्यामुळं सकाळी पूजा आटोपून त्या पहिल्यांदा काकींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथून आत डोकावल्या. आत काकी डोक्याला हात लावून बसल्या होत्या. साताऱ्याकडचे बावीस निवृत्त शिक्षक दुपारी जेवायला येणार होते आणि मदतीची बाई आली नव्हती.

"किती मानसं?" मावशींनी विचारलं.

"बावीस. आणि आम्ही घरची."

"बावीस तर बावीस," मावशी म्हणाल्या. पाच माणसांचा स्वयंपाक सांगितला असता तर त्या घाबरल्या असत्या. त्यांनी पदर खोचला, सगळ्यात मोठं पातेलं मागितलं, चूल दोनदा धुतली आणि कामाला लागल्या. दोन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच खूश बघितलं. मी कांदे चिरले. कांदे कसे चिरू नयेत हे मला कानडीत सांगण्यात आलं.

आमटी उकळली. मावशींनी मिठाचा डबा ओढला, एक मूठ भरली, पातेल्यात सोडली. वीस माणसांना एक मूठ, साठला तीन. तेच माप, बावीस वर्षांचं. माझी वाटी यावेळी बाजूला काढायची राहिली. पातेलं दुसऱ्याचं, गडबड फार.

शिक्षक शिस्तीत बसले. पहिला घास घेतला. मग एक गुरुजी फार सभ्यपणे म्हणाले, "आमटी उत्तम. पाणी मिळेल का?" त्यांच्या शेजारच्यांनीही पाणी मागितलं. मग समोरच्यांनी. काकींनी तीन वेळा कळशी भरली. मी माझ्या पानातली आमटी चाखली आणि जीभ चरकली. पण माझ्या जिभेचा काय भरवसा? सहा वर्षं आळणी खाणाऱ्या बाईला पेरूसुद्धा खारट लागतो.

पंगत उठल्यावर काकी चुलीजवळ आल्या. "मावशी, चव बरी आसा हां. पण मीठ उलसा जास्त पडला."

"न्हाय पडत," मावशी म्हणाल्या. रागानं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात.

त्या दुपारी त्यांनी लिंगापुढं वाटी ठेवली, डोळे मिटले, मग भाकरी आमटीत बुडवून पहिला घास घेतला. चावायच्या थांबल्या. दुसरा घास घेतला. खातच राहिल्या, वाटी संपेपर्यंत, कारण देवाला दाखवलेलं टाकत नाहीत. मग वाटी धुऊन पालथी घातली आणि मागच्या अंगणात माडाखाली जाऊन बसल्या. चार वाजता मी समुद्रावर चला म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमी जावा." मी एकटी गेले. समुद्र चांगला होता, पण मला तो काही दिसला नाही.

मंगळवार. परतीचा दिवस. सकाळी मावशींनी काकींना विचारलं, खड्याचं मीठ कुठं मिळतं. शिरोड्याची मिठागरं जवळच आहेत, हंगामात जरूर बघा, तिकीट-बिकिट काही नाही. मावशींनी निघताना काकींकडून बारीक मिठाची अर्धी पिशवी मागून घेतली. मिठागरावर मीठ घेऊन का जायचं, असं मी विचारलं. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

चौकोनी वाफे, वर पाण्याचा पातळ थर, कडेला पांढऱ्या राशी. आपल्याकडं ज्वारीची रास लावतात तशाच. एक आजोबा लाकडी फळीनं मीठ ओढत होते आणि बांधावर त्यांची सून तराजू घेऊन विकायला बसली होती. मावशींनी राशीतलं मीठ हातात घेतलं, बोटांनी चोळलं.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच व्हतं आपलं."

मग त्या तराजूपुढं उकिडव्या बसल्या. एका पारड्यात खड्याच्या मिठाच्या तीन मुठी टाकल्या. दुसऱ्या पारड्यात पिशवीतलं बारीक मीठ. एक मूठ. पारडं हललं. दुसरी मूठ. दोन्ही पारडी बरोबरीला येऊन थांबली. मावशींची तिसरी मूठ भरलेलीच होती. ती हवेत तशीच राहिली.

"खड्याच्या मिठात पोकळी रवता," आजोबांनी ओढता ओढता सांगितलं. "बारीक आसा ता दाबून बसता."

मावशींनी तिसरी मूठ परत पिशवीत सोडली. हात झटकला. "मॅडम, आपल्याकडं ह्ये पुड्यातलं मीठ कवापासनं येतंय?"

इथं मला कबूल करायला हवं. पुड्यातलं मीठ मी आणलं. गणपतीच्या सुमारास एका प्रशिक्षणात आयोडीनवर व्याख्यान ऐकलं, परत आल्यावर किराणाच्या यादीतलं खडेमीठ लाल शाईनं खोडलं आणि पुड्यातलं लिहिलं. खाली सही केली. फार बरं वाटलं होतं मला त्या दिवशी. तो निर्णय आजही चुकीचा नाही. फक्त ज्या बाईची मूठ त्यावर चालते तिला सांगायचं राहिलं.

"गणपतीपासनं," मी म्हणाले.

"म्हंजी सा म्हैने." त्या राशीकडं बघत बसल्या. "सा म्हैने पोरी ह्ये गिळत्यात. आन मला कुणी बोललं न्हाय?"

मी पिशवीतून अर्ज काढून दिला. यापेक्षा वाईट वेळ सापडली नसती, पण चांगल्या वेळा मी वाया घालवल्या होत्या. सचिव काय म्हणाले तेही सांगितलं, सगळं, एका दमात. मावशी चौथी शिकलेल्या. एकेक नाव बोट ठेवून वाचलं.

"ही तर रोज दोनदा भाकरी मागायची. म्या म्हनलं, पोरगी वाढीला लागली." बोट पुढं सरकलं. "आन ह्या दोगी पान्याचा तांब्या घिऊनच बसायच्या." मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "पोरींनी लिवलं, ब्येस केलं. पन तुमी? चार दिस ह्यो कागद बगलंत मारून माज्यासंगं भाकरी खाताव?"

"मला सांगायला जमलं नाही, मावशी. माफ करा."

"रोज माज्या हातचं खाताव तुमी."

"बिनमिठाचं खाते. मला कळलंच नाही."

"इचारायचं तरी," त्या म्हणाल्या आणि उठल्या. इचारायचं तरी. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत एवढा नेमका शेरा मला कुणी दिलेला नाही. पोरी पाणी फार पितात असं मीच जानेवारीत रजिस्टरात लिहिलं होतं, हे मला तेव्हा आठवलं आणि लाज वाटली. मोठ्यानं वाटली, म्हणजे मी तिथं बांधावर बसून रडले. आजोबांच्या सुनेनं मला पाणी दिलं.

परतीचा प्रवास मी वर्णन करू शकते, पण त्यात काही घडलं नाही. शिरोडा ते सावंतवाडी मावशी बोलल्या नाहीत. घाटात लिंबू त्यांच्या मांडीवर होतं, माझ्याकडं आलं नाही. कोल्हापूरच्या लॉजवर तीच खोली मिळाली, त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. बुधवारी मिरज, सांगोला. शेजारच्या बाईशी त्या कानडीत हसून बोलत होत्या, त्यावरून आवाज शाबूत आहे एवढं समजलं.

सोलापूरच्या स्टँडवर काकडीवाला खिडकीशी आला. मावशींनी दोन काकड्या मागितल्या. त्यानं चिरून मिठाचा डबा उचलला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"एकीला लावू नगा. मॅडमला बीपी हाय."

मी ती काकडी खाल्ली. इतकी चांगली काकडी मी आयुष्यात खाल्लेली नाही.

गुरुवार. टँकर आला, पोरी आल्या. मी सकाळीच सचिवांना फोन करून सगळं सांगितलं. खोडलेली यादी, खालची सही, सगळं. शेवटी मी म्हणाले, "साहेब, हात गेला असेल तर माझा गेलाय. तुम्ही आज संध्याकाळी जेवायला या, मग ठरवा." ते आले. पोरींच्या पंगतीत मांडी घालून बसले.

मी स्वयंपाकघरात होते. आमटी उकळत होती. मावशींनी डबा ओढला. एक मूठ. दुसरी मूठ. आणि तिसऱ्यांदा हात आपला आपण डब्यात गेला, बावीस वर्षांच्या सवयीनं, भरून वर आला. मी काही बोलायच्या आत त्या स्वतःच थांबल्या. मूठ उलटी केली, बोटं फाकवली, मीठ परत डब्यात.

सचिवांनी दोनदा आमटी घेतली. पाणी मागितलं नाही. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "राहू द्या मावशींना." मी आत येईपर्यंत पंगतीत कुजबुज सुरू झाली होती. अर्जावर जिची सही पहिली होती, तीच पोरगी शेवटी उठून वाढपाच्या टेबलाशी आली.

"मावशी, आज आमटी आळणी झालीय. मीठ हाय का?"

सहा महिन्यांत जीभ कशालाही सरावते, हे मी विसरले होते. मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग त्या इतक्या हसल्या की भिंतीला टेकावं लागलं, आणि पोरगी बिचारी कागद-पेन मागावं की काय अशा चेहऱ्यानं उभी.

तुम्ही शिरोड्याला जाणार असाल तर सोमवार धरून जा, बांगडे चालत नसतील तर. मिठागर चुकवू नका. समुद्र बघून मला काय वाटलं असं इथल्या लोकांनी विचारलं, तेव्हा मला फारसं सांगता आलं नाही. मावशी मात्र सांगतात, "पानी लई हाय, उपेग न्हाय, पन मानसं चांगली." मिठागरावरचं मूठभर मीठ त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. ते आता किराणाच्या यादीशेजारी काचेच्या बरणीत आहे. खायचं नाही, बघायचं. यादीत काही बदलायचं झालं तर आधी बरणीकडं बघते, मग स्वयंपाकघरात जाऊन विचारते.

आणि रोज संध्याकाळी सात वाजता मी चुलीशी जाऊन उभी राहते. अजूनही हात तिसऱ्यांदा डब्यात जातो.

"बगताव व्हय?" मावशी मान न वळवता विचारतात.

"बघतेय."

मग त्या मूठ सोडतात.